कडीपत्त्यावरची अळी आणि तगरीवरची अळी

तुमचा प्रश्न वाचला. उत्तर लांबणार आहे, पण त्याआधी एक काम आत्ताच उरका, बाकीचं सावकाश वाचा. तगरीवरची जी अळी हिरवीची काळपट झाली आहे आणि बरणीच्या तळाशी सैरावैरा फिरते आहे, ती आजारी नाही. तिला माती हवी आहे. एखादी रिकामी कुंडी किंवा आइस्क्रीमचा मोठा डबा घ्या, त्यात चार बोटं भुसभुशीत माती घाला, वर दोन मुठी सुकलेला पालापाचोळा पसरा आणि अळीला हलक्या हाताने उचलून त्यावर ठेवा. हाताला काही होत नाही, खाज येत नाही, ते मागचं शिंगही टोचत नाही. डब्यावर जुन्या ओढणीचा तुकडा रबरबँडने बांधा. थोड्या वेळात ती पानांखाली गेलेली असेल.

प्रश्न काय होता तेही लिहिते, म्हणजे पुढचं सगळ्यांना लागेल. बडोद्यात दांडिया बाजाराजवळ राहणाऱ्या एका आईच्या अंगणात कडीपत्ता आणि तगर आहे. सहावीतल्या लेकीने दोन्ही झाडांवरून एकेक हिरवी अळी आणून दोन बरण्यांत ठेवली. कडीपत्त्याची अळी काडीला स्वतःला बांधून घेऊन स्वस्थ बसली. तगरीची, बोटाएवढी जाड आणि मोठे डोळे असलेली, दोन दिवसांत काळवंडली आणि खायची थांबली. शाळेच्या टिपणात फुलपाखरू आणि पतंग यांतले चार फरक दिलेत: फुलपाखरू दिवसा उडतं, पतंग रात्री, फुलपाखरू रंगीत, पतंग मातकट, फुलपाखरू पंख मिटून बसतं, पतंग पसरून, फुलपाखराच्या मिशांच्या टोकाला गाठ, पतंगाच्या मिशा पिसासारख्या. आता या दोनांतलं फुलपाखरू कोणतं आणि पतंग कोणता? आणि शेजारच्या काकू म्हणतात, पतंग निघणार असेल तर आत्ताच चिरडा, ते ऐकायचं का?

शेवटच्याचं उत्तर आधी देते. ऐकू नका. का, ते पुढे येईल.

कडीपत्त्यावरचं फुलपाखरू आहे. त्याला लाइम बटरफ्लाय म्हणतात, शास्त्रीय नाव पॅपिलिओ डेमोलियस. तगरीवरचा पतंग आहे, ओलिएंडर हॉक मॉथ; ओलिएंडर म्हणजे आपली कण्हेर. शास्त्रीय नाव डॅफ्निस नेरी, त्यातलं नेरी हेही कण्हेरीच्या नेरियम या नावावरूनच आलंय. दोघांनाही नाव दिलं स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने, एकाच वर्षी, १७५८ मध्ये. मी गेली सव्वीस वर्षं घरी अळ्या वाढवते आहे, आणि कुणी फुलपाखरू-पतंग फरक विचारला की याच दोघांची जोडी पुढे करते. दोघांच्या पंखांचा पसारा जवळपास सारखा, आठ-दहा सेंटिमीटरच्या आसपास. दोन्ही बडोद्यात घरोघरी सापडतात. पावसाळ्यात तर एकाच अंगणात, चार पावलांच्या अंतरावर. तुमच्या लेकीने नेमकी हीच जोडी उचलली, याचा मला फार आनंद झाला.

फरकाकडे वळण्याआधी नावांचा गुंता सोडवू, कारण बडोद्यातल्या मराठी मुलांचा पाय पहिल्यांदा इथेच अडकतो. मराठीत पतंग म्हणजे मॉथ. गुजरातीत पतंगियुं म्हणजे फुलपाखरू, आणि मॉथला म्हणतात फूदुं. उत्तरायणला गच्चीवरून उडवतो तोही पतंगच. कमाटी बागेत मुलांना घेऊन फिरताना मी कितीदा ऐकलंय, एक मूल ओरडतं ‘पतंगियुं!’ आणि दुसरं त्याचं मराठी करून वहीत लिहितं ‘पतंग’. झाडांचंही तसंच. घरचा कडीपत्ता शाळेत मीठो लीमडो होतो, कण्हेर करेण होते, सदाफुली बारमासी होते. तेव्हा वहीच्या पहिल्या पानावर तिन्ही भाषांतली नावं शेजारी शेजारी लिहून ठेवा. आणि एक: मराठीत सुरवंट म्हणतो तो केसाळ, अंगाला लागला की आग करणारा. या दोन्ही अळ्या गुळगुळीत आहेत, यांना अळीच म्हणा.

आता अंड्यापासून बघू. सकाळी साडेनऊ-दहाच्या उन्हात कडीपत्त्यापाशी थोडा वेळ उभ्या राहा. काळ्यावर पिवळट ठिपक्यांचं एक फुलपाखरू येईल, स्थिर बसणार नाही, कोवळ्या पालवीवर क्षणभर टेकेल आणि पुढच्या पायांनी पानावर टपटप करेल. ती चव घेते. फुलपाखरांना पायांनी चव कळते. पान लिंबाच्या कुळातलं निघालं, म्हणजे लिंबू, मोसंबी, बेल, कडीपत्ता, की पोट वळवून एकच अंडं ठेवते आणि दुसऱ्या फांदीवर जाते. फिकट पिवळं, खसखशीपेक्षा जरासं मोठं. हे सगळं उजेडात, तुमच्या डोळ्यांसमोर. हॉक मॉथची मादी हेच काम अंधार पडल्यावर करते. फिकट हिरवं अंडं, बहुतेक वेळा पानाच्या खालच्या बाजूला, तगर, कण्हेर, सदाफुली किंवा कुंडीतल्या अडेनियमवर. तिला अंडं घालताना मी इतक्या वर्षांत मोजून तीनदा पाहिलंय.

लिंबावरची, म्हणजे तुमच्या कडीपत्त्यावरचीच, अळी लहान असताना अळी वाटतच नाही. काळपट तपकिरी, मधे पांढरा पट्टा, हुबेहूब चिमणीची शीट. पानाच्या वरच्या बाजूला उघड्यावर बसलेली असते आणि कुणी तिच्याकडे बघत नाही. चार वेळा कात टाकली की पाचव्या टप्प्यात ती एकदम पानासारखी हिरवी होते, मानेजवळ नक्षीचा पट्टा येतो. लेकीला सांगा, अशी हिरवी अळी सापडली की गवताच्या काडीने तिच्या मानेला हळूच स्पर्श कर. डोक्यामागून नारिंगी, दोन फाट्यांचा मऊ अवयव झपकन बाहेर येतो आणि घाण वास सुटतो. मुलं त्याला जीभ म्हणतात, पण ती जीभ नाही, वासाची पिशवी आहे. याच्या आतली एक गोष्ट मला फार आवडते. लहान टप्प्यातल्या अळीचा वास झाडाच्या तेलांसारखा असतो, आणि शेवटच्या टप्प्यात रसायनंच बदलतात, खवट लोण्याला येतो तशा वासाची आम्लं येतात. बाहेरचं रूप बदललं तसं आतलं हत्यारही बदललं. मुंग्यांना आणि छोट्या कीटकांना तो वास दूर ठेवतो. पक्ष्यांना फारसा अडवत नाही.

हॉक मॉथच्या अळीपाशी असा वास नाही, तिचं सगळं भय दाखवण्यात आहे. मागे शेपटीच्या जागी एक छोटं शिंग, अंगावर बाजूने पांढऱ्या ठिपक्यांची ओळ, आणि डोक्यामागे निळसर पांढरे दोन मोठे डोळे. ते डोळे खोटे. खरं डोकं पुढे लहानसं आहे. तिला धक्का लागला की ती डोकं आत ओढते, पुढचा भाग फुगवते, आणि ते निळे डोळे वटारल्यासारखे मोठे होतात. फांदीवरून अचानक असं काही समोर आलं तर बुलबुल नक्की दचकेल. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा फांदी सोडून मागे सरकले होते.

ही अळी शोधायची तर पानांत शोधत बसू नका. खाली फरशीवर बघा. सकाळी अंगण झाडायच्या आधी तगरीखाली काळ्या मिऱ्यांएवढ्या, खाचा पडलेल्या सुक्या लेंड्या दिसतील. जिथे त्या ताज्या आणि ओलसर, त्याच्या बरोबर वर नजर न्या. मोठी अळी सात-आठ सेंटिमीटर होते, तरी हिरव्या पानांत तासभर सापडत नाही. लेंड्यांवरून मिनिटभरात सापडते. कण्हेरीवर असेल तर एक काळजी घ्या. कण्हेरीचं पान आणि चीक माणसाच्या हृदयाला विषारी आहे. अळीला ते बाधत नाही, तुमच्या लेकीला बाधेल. पानं बदलल्यावर हात साबणाने धुवायचे, तोंडात बोट नाही.

आता तुमच्या बरणीत जे घडलं त्याकडे येते. माझ्या मते या दोन जातींतला सगळ्यात खरा फरक इथेच आहे, आणि शाळेच्या टिपणात त्याचं नावही नाही.

दोघींचं खाणं एका दिवशी थांबतं. पोट रिकामं होतं, शेवटची लेंडी पातळ येते, आणि दोघी झाड सोडून चालू लागतात. इथून वाटा वेगळ्या. लिंबाची अळी वर जाते, काडी शोधते, शेपटीच्या टोकाखाली रेशमाची गादी विणते. मग मान मागे टाकून डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे धागा फिरवते आणि स्वतःच्या कमरेभोवती सैल पट्टा करून घेते. झाडावर चढणाऱ्या माणसाने कंबरेला दोर बांधावा तसा. त्या पट्ट्यावर रेलून एक-दोन दिवस बसते, मग शेवटची कात टाकते आणि उघडा कोष तयार होतो. सापडली तर ती कात टाकण्याची पाच मिनिटं बघाच. शेपटीचं टोक कातीतून बाहेर काढून रेशमाच्या गादीत पुन्हा अडकवायचं असतं, आणि तेवढा वेळ सगळा भार पट्ट्यावर असतो. कोष आजूबाजूला काय आहे त्याप्रमाणे हिरवा किंवा तपकिरी होतो. तुमच्या बरणीतला तपकिरी झाला असेल तर त्यात काही बिघडलेलं नाही.

हॉक मॉथची अळी खाली जाते. तिचा हिरवा रंग जातो, पाठ काळपट तपकिरी होते, कारण आता तिला पानांत लपायचं नसून जमिनीवरून मातीच्या रंगात चालायचं आहे. तुम्हाला जो आजार वाटला तो हा पोशाख आहे. पाचोळा सापडला की त्याखाली जाऊन चार-सहा धाग्यांनी पानं एकमेकांना जोडते, आणि त्या विरळ जाळीत तिचा कोष होतो. गुळगुळीत, फिकट तपकिरी, पोटावरून मधोमध एक काळी रेघ, बाजूला काळे ठिपके. हात लावला तर शेपूट हलवून जागेवर वळतो. पुस्तकांत लिहितात की पतंग कोषाभोवती रेशमाचं आवरण विणतो आणि फुलपाखराचा कोष उघडा असतो. रेशमाच्या किड्यापुरतं ते बरोबर आहे. या हॉक मॉथचं रेशीम इतकं थोडं असतं की पाचोळा उचलला तर निम्मे धागे तुटूनच येतात. उलट आपलं फुलपाखरू रेशमाची गादी आणि पट्टा दोन्ही विणतं.

हे मी इतक्या आग्रहाने लिहिते त्याला कारण आहे. माझी पहिली हॉक मॉथची अळी मी अशीच काचेच्या बरणीत ठेवली होती. ती काळी पडली, तीन दिवस काचेवर फिरत राहिली, मी मात्र रोज ताजी पानं घालत राहिले. शेवटी उघड्या काचेवरच तिचा कोष झाला. पंधरवड्याने रात्री पतंग बाहेर आला. त्याला चढायला काही नव्हतं. बाहेर आलेल्या पतंगाचे पंख ओल्या फडक्यासारखे चुरगळलेले असतात. उंच चढून ते खाली लोंबते सोडावे लागतात, मग अंगातला द्रव त्यांच्या शिरांतून भरतो आणि अर्ध्या-पाऊण तासात ते ताणले जातात. तो काचेवरून घसरत राहिला आणि पंख तसेच वाळले. साखरपाण्यावर चार दिवस जगला. टाचणीने त्याची सोंड उलगडून थेंबाशी न्यायची, हे मी तेव्हाच शिकले. त्यानंतर माझ्याकडच्या प्रत्येक डब्यात माती, पाचोळा आणि तिरपी उभी केलेली एक खडबडीत काठी असते. काठी ओढणीच्या कापडापर्यंत पोचली पाहिजे. तुम्हीही आजच घाला.

आता टिपणातले चार फरक या दोघांवर लावून बघू.

रंग. काल रात्री बाहेर आलेला ओलिएंडर हॉक मॉथ सकाळी भिंतीवर बसलेला पाहिलात तर रंगीत कोण हा प्रश्न उरणार नाही. गडद हिरवा, पोपटी, शेवाळी, मधे पांढरट आणि गुलाबी लाटा. सैनिकांच्या गणवेशावर असतात तसे पट्टे, पण मखमलीवर काढलेले. लाइम बटरफ्लाय देखणं आहे, काळ्यावर फिकट पिवळी नक्षी, मागच्या पंखाच्या कोपऱ्यात विटकरी लाल ठिपका. पण रंगांची संख्या मोजली तर पतंग पुढे आहे.

बसणं. थंडीच्या सकाळी कमाटी बागेच्या हिरवळीवर लाइम बटरफ्लाय पंख सपाट पसरून ऊन खात बसलेलं दिसतं. मिटून बसणारी पुष्कळ आहेत, पण पसरून बसलं म्हणून पतंग, असं म्हणता येत नाही. हॉक मॉथ मात्र नेहमी सारखाच बसतो, लढाऊ विमानासारखा, पुढचे पंख मागे तिरके ओढून.

मिशा. फुलपाखराच्या मिशांच्या टोकाला गाठ असते हे आपल्या फुलपाखराला लागू आहे. पिसासारख्या मिशा रेशमाच्या पतंगांच्या, त्यातही नरांच्या. हॉक मॉथच्या मिशा जाडसर, टोकाकडे निमुळत्या आणि शेवटी बारीक आकडा. म्हणून लेकीने ‘पिसासारख्या नाहीत, म्हणून पतंग नाही’ असं ठरवलं तर ती फसेल. टोकाला गाठ आहे की नाही, एवढंच विचारायचं.

दिवस-रात्र. या जोडीपुरतं हे बरोबर आहे. पण याच अंगणात नियम मोडणारे दोघं सापडतील. एक्झोरावर भर दुपारी घोंघावत, न टेकता मध पिणारा छोटा तपकिरी जीव दिसला की लोक मला फोटो पाठवतात, ‘ताई, हमिंगबर्ड!’ हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत आहेत. हा हॉक मॉथच्याच कुळातला, दिवसा उडणारा पतंग. आणि उलट, तिन्हीसांजेला ओट्यावर येऊन दिव्याजवळ बसणारं, वाळक्या पानासारखं ईव्हनिंग ब्राउन हे चोख फुलपाखरू आहे. दिवसभर पाचोळ्यात लपतं आणि अंधारू लागलं की उडतं.

असे नियम का मोडतात ते एका वाक्यात सांगता येतं. फुलपाखरं ही पतंगांच्याच मोठ्या वृक्षाची एक फांदी आहे, सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वी फुटलेली. जगात फुलपाखरांच्या जाती अठरा हजारांच्या आसपास आहेत, पतंगांच्या एक लाख चाळीस हजारांहून जास्त. एका फांदीची बाकी सगळ्या झाडाशी तुलना केली तर चार ओळींत मावणार नाहीच. म्हणून मी म्हणते, एक जात घ्या आणि दुसरी एक जात घ्या, आणि दोघांना शेजारी ठेवून बघा.

तरी एक खूण अशी आहे जी सहसा दगा देत नाही, आणि ती कुणी शिकवत नाही. हॉक मॉथच्या मागच्या पंखाच्या मुळाशी एक ताठ केस असतो. तो पुढच्या पंखाखालच्या छोट्या कडीत अडकतो आणि दोन्ही पंख एक होऊन हलतात. फुलपाखराला हा केस नसतो. त्याचा मागचा पंख पुढच्याखाली रुंद सरकलेला असतो, तेवढ्यावर भागतं. अपवाद अगदी थोडे, त्यातला प्रसिद्ध म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या एका जातीचा नर. दिव्याखाली मेलेला पतंग सापडला तर भिंगाने तो केस बघा. जिवंताचे पंख मात्र ताणू नका.

यापुढचा फरक बघायला एक थंड संध्याकाळ लागते, आणि तो माझा सगळ्यात आवडता. दोघांनाही उडण्यासाठी अंग गरम लागतं. फुलपाखरू ते उन्हाकडून घेतं. ढगाळ दिवशी हातावर घेतलं तरी उडत नाही, बिचारं पाय धरून बसतं. पतंगाला रात्री ऊन कुठून मिळणार? तो पंख किंचित उचलतो आणि थरथरायला लागतो. उडण्याचेच स्नायू, पण पंख न फडकवता नुसते कापवायचे. तळहातावर ठेवलात तर सायलेंटवरचा फोन हातात वाजावा तशी थरथर जाणवते. एक मिनिट, कधी दोन, थंडी असेल तर आणखी. छातीचं तापमान माणसाच्या अंगाइतकं किंवा त्याहून वर जातं. मग थरथर अचानक थांबते आणि हात रिकामा होतो. त्याच्या छातीवरची ती दाट लव नुसती शोभेची नाही, मिळवलेली ऊब राखायला आहे. जानेवारीत एकदा एक पतंग माझ्या हातावर तापत होता आणि शेजारी उभा असलेला नातू श्वास रोखून मोजत होता. शंभरपर्यंत पोचला तेव्हा पतंग गेला.

मध पिण्यातही तसाच फरक. लाइम बटरफ्लाय फुलावर पाय टेकवतं, पंख हलतेच ठेवतं आणि पितं. हॉक मॉथ हवेत एका जागी थांबून लांब सोंड फुलात घालतो. त्याला संध्याकाळी उमलणारी, फिकट, लांब नळीची, वासाची फुलं लागतात. ताऱ्यांच्या उजेडातही हॉक मॉथना रंग ओळखता येतात, हे युरोपातल्या एका जातीवर २००२ मध्ये दाखवलं गेलं. माणसाला त्या उजेडात सगळं करडं दिसतं. पतंगाच्या डोळ्याची रचनाच अशी की अनेक भिंगांमधून आलेला प्रकाश एका जागी गोळा होतो; फुलपाखराच्या डोळ्यात सहसा प्रत्येक भिंग आपापल्यापुरतं बघतं.

दिव्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण नवरात्र आलं आहे म्हणून लिहिते. गरब्याच्या मैदानातले मोठे दिवे लागले की त्यांच्याभोवती पतंगांचा खच पडतो. आपल्या मराठी कवितेने पतंगाला दिव्यावर जीव ओवाळणारा प्रेमिक करून ठेवलंय. २०२४ च्या आरंभी आलेल्या एका संशोधनात वेगवान कॅमेऱ्यांनी दाखवलं की उडणारे कीटक आपली पाठ उजेडाकडे ठेवतात. रात्रीच्या उघड्यावर आकाश हीच उजेडाची बाजू, त्यामुळे पाठ वर राहते आणि तोल साधतो. जवळ दिवा आला की पाठ दिव्याकडे वळते, तोल जातो आणि तो त्याच्याभोवती घिरट्या घालत अडकतो. ओढ नसते, दिशा हरवलेली असते. त्याच संशोधनात दोन कीटकांनी हे केलं नाही. एक फळांवरची चिलटं आणि दुसरा हाच आपला ओलिएंडर हॉक मॉथ. दिव्यावरून सरळ उडून गेला. म्हणजे तुमच्या डब्यात झोपलेला जीव पतंगांमध्येही वेगळा आहे.

आता शेजारच्या काकूंचं. पतंग म्हणजे कपडे खाणारे, धान्यात होणारे, हा त्यांचा अनुभव खरा आहे. कसर लागलेली पैठणी मीही उघडली आहे. पण ते पतंग बोटाच्या पेराहून लहान, त्यांची जात निराळी. हॉक मॉथ कपड्याकडे बघतही नाही. तगरीचा एखादा शेंडा तो बोडका करतो, तो पंधरा दिवसांत पुन्हा फुटतो. आणि नुकसानच मोजायचं तर यादीत आधी फुलपाखराचं नाव येईल. लिंबू-मोसंबीच्या रोपवाटिकेत लाइम बटरफ्लायच्या अळ्या लहान रोपं पार निष्पर्ण करतात. हे फुलपाखरू २००४ मध्ये कॅरिबियनमधल्या डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये पोचल्याचं आढळलं, तेव्हा तिथल्या लिंबूवर्गीय बागांवर मोठी चिंता पसरली. तरी त्याला कुणी चिरडा म्हणत नाही, कारण ते दिवसा दिसतं आणि गोड दिसतं. पपईची झाडं असतील तर काकूंना हेही सांगा की पपईच्या फुलांचं परागीभवन करणाऱ्यांत हॉक मॉथ महत्त्वाचे आहेत.

औषध फवारू नका. घरच्या झाडावर अळ्यांची संख्या आपोआप आवरते. पक्षी, गांधीलमाश्या, कोळी नेतात; आणि बारीक परजीवी कीटक तर असतातच. लिंबाच्या कोषाला कधी एक लहान गोल भोक पडून त्यातून फुलपाखराऐवजी डासापेक्षा छोटे, हिरवट चकाकणारे कीटक एकामागून एक बाहेर येतात. तुमच्या बरणीत तसं झालं तर लेकीला वाईट वाटेल, पण वहीत तेही लिहायला लावा, तारखेसकट.

कडीपत्त्यावरचा कोष या हवेत आठ-दहा दिवसांत उघडेल. आदल्या दिवशी तो गडद होतो आणि कवचातून पंखांवरचे पिवळे ठिपके दिसू लागतात. मग काडी बरणीतून काढून अंगणात, मुंग्या चढणार नाहीत अशा जागी उभी करा. फुलपाखरू बहुधा सकाळी बाहेर येतं आणि दोनेक तासांत ऊन बघून जातं.

पतंगाला दोन आठवडे धरा, थंडी पडली तर जास्त. माती उकरून बघायचा मोह होईल, उकरू नका. दर दोन दिवसांनी पालापाचोळ्यावर पाण्याचा हबका मारा, ओल हवी, चिखल नको. दहाव्या दिवसापासून रात्री झोपण्याआधी डब्यात टॉर्चवर लाल जिलेटिन लावून डोकवा. एका रात्री काठीवर तो लोंबत असेल, पंख अजून ओले. तेव्हा ओढणी सोडा, अंगणातला बल्ब बंद करा आणि लेकीला उठवा. शाळा असली तरी उठवा. पंख वाळून तो थरथरायला लागला की तिने मोजायला सुरुवात करावी, आणि आकडा मला कळवावा.